शिवण बाहेरून

भोईटेकाकूंनी दुकानाची पायरी चढताच पिशवीतून दोन ब्लाऊज काढले, माझ्या कापणीच्या टेबलावर टाकले आणि बसायच्याही आधी म्हणाल्या, "हिला टोचतं."

एप्रिलची दुपार होती, अडीचचा सुमार. त्या वेळेला फलटणला सहसा गिऱ्हाईक येत नाही, म्हणून ती वेळ मी कापणीसाठी राखून ठेवलेली. दुकानाच्या पुढच्या भागात आमच्या ह्यांचं जेन्ट्स टेलरिंग, मधे पडदा, आणि पडद्यामागं माझे ब्लाऊज. गिऱ्हाइकाशी बोलायचं ह्यांनी आणि शिवायचं मी, ही आमची लग्नापासूनची वाटणी. पण त्या दिवशी हे कापड आणायला बारामतीला गेले होते, त्यामुळं काकू थेट पडद्याच्या आत आल्या.

"हिला" म्हणजे त्यांची मुलगी मैथिली. वय एकोणतीस, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि लग्न बरोबर बावीस दिवसांवर. टेबलावर पडलेले दोन्ही ब्लाऊज दोन वेगवेगळ्या टेलरांचे होते. त्यातला एक घालून ती साखरपुड्याला बसली आणि मधेच उठून गेली ती साधा कुडता चढवून परत आली. अर्ध्या फोटोंत साडी, अर्ध्या फोटोंत कुडता. आता सासरहून शालू आला होता, त्याच्या जरीचा ब्लाऊजपीस एकच होता, आणि तो वाया गेला तर दुसरा मिळणार नव्हता. काकू हे सगळं एका दमात सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. बाकीच्या बायका सहन करतात की."

मुलगी तोवर माझ्या दोऱ्यांच्या फळीसमोर उभी होती. रिळं मी छटेप्रमाणं लावलेली असतात. तिनं गुलबक्षीतली दोन रिळं उचलली आणि एकमेकांच्या जागी ठेवली. मी बघितलं. दोन दिवस मला त्या फळीत काहीतरी खुपत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. तेच होतं ते.

मग ती वळली आणि माझ्याकडं न बघता, टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाली, "ताई, मी ऑटिस्टिक आहे. अंगाला लागलेली शिवण मला विसरता येत नाही. घड्याळाची टिकटिक लोकांना थोड्या वेळानं ऐकू येईनाशी होते ना, तसं माझं होत नाही."

माझी नजर भिंतीकडं गेली. आमच्या दुकानातल्या घड्याळाचा सेल मी चार वर्षांपूर्वी काढून ठेवला होता.

काकूंचा चेहरा उतरला. असं दिसेल त्याला सांगत सुटू नये, असं त्या मुलीला म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, आवाज खाली घेऊन, "डॉक्टरांनी वगैरे काही सांगितलेलं नाही हो. वाचून वाचून स्वतःच ठरवलंय हिनं. चांगली एम.एस्सी. झालीय, नोकरी करते."

मी मुलीला म्हटलं, कुठं टोचतं ते दाखवा. तिनं ब्लाऊज उलटा केला आणि बोट ठेवून दाखवत गेली. मुंढ्याची शिवण, काखेत खालच्या बाजूला, जिथं कापडाचे चार थर एकत्र येतात. हुकाची पट्टी. गळ्याच्या मागं कंपनीचं लेबल असतं तसं टेलरनं लावलेलं स्वतःच्या नावाचं लेबल.

"आणि बाहीच्या टोकाला," मी म्हटलं, "जर आत दुमडलीय तिथं. ते टोचत नाही, खाजतं. पण दुसऱ्या दिवशीपर्यंत खाजतं."

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"वीसेक वर्षं दुकानात शिवतेय," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं.

माप घेऊन त्या गेल्या. मी मंगळवारी ट्रायलला बोलावलं, आणि सोबत कुणी नसलं तर बरं, असंही सांगितलं. काकूंना ते लागलं असणार. माणसांना काय लागतं हे मला ती गेल्यावर कळतं, आणि कधी कधी तेव्हाही नाही.

इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझं नाव हेमलता पतंगे. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. गिऱ्हाइकांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. रस्त्यात कुणी ओळख देऊन थांबलं की मी आधी खांद्याकडं बघते, साडेचौदा आहे म्हणजे कदमबाई. एकीनं विचारलं होतं, हा रंग मला कसा दिसेल, मी म्हटलं आजारी दिसाल. ती परत आली नाही. धाकट्या दिरांच्या लग्नात बँड सुरू झाल्यावर मी कार्यालयाबाहेर स्कूटरींच्या रांगेत जाऊन दोन तास उभी राहिले होते, त्यावरून सासूबाई चार महिने माझ्याशी बोलत नव्हत्या. त्यानंतर मी लग्नांना जाणंच सोडलं. सासरच्या माणसांत माझं नाव होतं शिष्ट. माहेरी होतं घुमी. मला दोन्ही पटायची, कारण तिसरं कुठलं माहीतच नव्हतं.

आणि एक गोष्ट फक्त आमच्या ह्यांना माहीत होती. मी माझे ब्लाऊज उलटे शिवायचे. सगळ्या शिवणी, सगळी माया बाहेरच्या बाजूला, अंगाला नुसतं सपाट कापड. माया म्हणजे शिवणीत ठेवतात ते जास्तीचं कापड, पुढं सैल करायला लागलं तर असावं म्हणून. ती दिसू नये म्हणून मी दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यायचे. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, पतंगेवहिनी किती सोज्वळ.

मंगळवारपर्यंत मी मैथिलीसाठी एक कच्चा ब्लाऊज केला. जरीला हात न लावता. ह्यांच्या वडिलांचं एक जुनं धोतर होतं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, त्याचं अस्तर कापलं. काखेतली शिवण काखेतून काढून पाठीकडं सरकवली, कडा आत कोंडून घेतल्या, हुकांऐवजी बाजूला कापडी बंद लावले. जरीचं कापड येणार ते या अस्तरावर वरून, अंगाला कुठंही न लागता. तीन रात्री माझ्या डोक्यात तो ब्लाऊज फिरत होता आणि खरं सांगायचं तर इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

मंगळवारी ती आली, कोपऱ्यातल्या कपडे बदलायच्या पडद्यामागं गेली, आणि बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, गेलं काम. मग ती बाहेर आली. हात वर केले, खाली केले, कमरेत वळली, परत वळली. मग तिच्या हातांचे तळवे भिजलेलं पाखरू पंख झटकतं तसे झटकायला लागले आणि ती हसायला लागली.

"ताई," ती म्हणाली, "हे अंगावर आहे असं वाटतच नाही."

मी म्हटलं, काखेत बघा, अजून कुठं लागतंय का. ती म्हणाली, कुठंच नाही. मग थांबून म्हणाली, "वीस वर्षं शिवून हे येत नाही. मी चार टेलर केलेत. एकाला पंचवीस वर्षं झालीत."

मी काय केलं ते आता लिहिताना मलाच नवल वाटतं. मी पुढचा पडदा नीट ओढून घेतला आणि खांद्यावरचा पदर काढला.

तिनं माझ्या ब्लाऊजकडं बघितलं. बाहेर आलेल्या शिवणी, मायेच्या कडा, सगळं. हात लावला नाही. तिनं विचारलं, "किती वर्षं?"

"सोळाव्या वर्षापासून. मशीन चालवायला शिकले तेव्हापासून."

आम्ही बसलो. पुढं ह्यांच्या मशीनचा आवाज चालू होता. मी तिला विचारलं, हे तुमचं ऑटिस्टिक म्हणजे नेमकं काय. ती म्हणाली, पेपरात स्वमग्न लिहितात, पण तो शब्द तिला उलटा वाटतो. ती स्वतःत बुडालेली नसते, बाहेरचंच सगळं तिच्यात जरा जास्त येतं. आवाज, उजेड, कापड, माणसांचं बोलणं. मग ते आवरायला वेळ लागतो. मी विचारलं, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असं म्हणता येतं का. हा प्रश्न मी तिला कमी आणि स्वतःला जास्त विचारत होते.

ती म्हणाली, मोठ्या माणसांना तपासणारे फार थोडे आहेत, पुण्यात तिनं नाव नोंदवून ठेवलंय, नंबर लागायला वर्ष तरी जाईल. "तोवर मी काय करू? नंबर लागेपर्यंत कुणीच नसू का? मी तीन वर्षं वाचलं, लिहून काढलं, माझ्यासारख्यांशी बोलले. मग ठरवलं. उद्या डॉक्टर नाही म्हणाले तर ऐकेन. पण शिवण तर टोचतच राहणार ना."

मी विचारलं, मग मीही तशीच का? तिनं मान हलवली. "ते मी नाही सांगणार. ज्याचं त्यानं बघायचं असतं." जाताना तिनं पिशवीतून चार टाईप केलेले कागद काढून दिले. होणाऱ्या नवऱ्यासाठी तिनं स्वतःबद्दल लिहिले होते, त्याला आधीच सगळं माहीत असावं म्हणून. तुम्हाला वाचायचे असतील तर वाचा, म्हणाली.

ती गेल्यावर मी वाचायला बसले. पहिल्याच पानावर होतं, 'मी गप्प असले म्हणजे रागावलेली असतेच असं नाही. बऱ्याचदा मी नुसती भरलेली असते.' पुढं होतं, 'मला आवडतं का असं विचारू नका, कारण मी खरं सांगेन.' आणि, 'गर्दीतून मी निघून गेले तर माझ्या मागं कुणाला पाठवू नका, जागा रिकामी ठेवा, मी परत येते.' मी ते चार कागद दोनदा वाचले. मग तिसऱ्यांदा. त्या दुपारी कापणी झाली नाही.

संध्याकाळी चहाला हे आत आले आणि टेबलावरचे कागद उचलून चष्मा लावून उभ्याउभ्या वाचायला लागले. मी काही सांगायच्या आधी दोन पानं वाचून झाली. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हे टाईप कुणाकडून करून घेतलंस?"

मी म्हटलं, हे माझं नाही. ते म्हणाले, चेष्टा करू नकोस, यातलं स्कूटरींचं तेवढं लिहायचं राहिलंय. मग मी सगळं सांगितलं. मैथिली, तो शब्द, पुण्याचा नंबर. शेवटी त्यांनाच विचारलं. मी बारावी झालेली बाई, मशीनवर बसणारी. एवढा मोठा शब्द मी आपल्या हातानं स्वतःला कसा लावून घ्यायचा? चुकला तर?

ह्यांनी कागद जुळवून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "माप न घेता मी माणसाचा शर्ट किती नंबरचा ते सांगतो की नाही?"

"कधी कधी चुकता."

"चुकतो. मग?"

"मग उसवता."

"तुझंही चुकलं तर उसवू," ते म्हणाले आणि चहाचा कप घेऊन पुढं गेले. पडद्याच्या पलीकडून परत त्यांचा आवाज आला, "मला तर अंगासरशी बसलेलं दिसतंय."

मी पडद्याच्या अलीकडं एकटीच हसत बसले होते. बावीस वर्षं संसार केलेल्या माणसानं ओळखलं होतं, मी स्वतः ओळखलं होतं. पुढं दीड वर्षानं मैथिलीचा नंबर लागला आणि डॉक्टरांनी तिला तेच सांगितलं जे तिला माहीत होतं. माझा नंबर मी अजून लावलेला नाही. कधी लावावासा वाटला तर लावीन. आज या गोष्टीला नऊ वर्षं झाली.

लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात होतं, गावाबाहेरच्या एका मंगल कार्यालयात, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. मैथिलीनं मला यायलाच लावलं. बंद बांधायला आणि शालू नेसवायला तुम्हीच हव्यात, म्हणाली. हे म्हणाले, मी बाहेर स्कूटरपाशीच थांबतो, जायचं वाटलं की निघू. मी पहिल्यांदा पदर एका खांद्यावर घेऊन लग्नाला गेले. शिवणी दिसत होत्या. दोघीतिघींनी विचारलं, ही नवी फॅशन का, मी हो म्हटलं. एकीनं नंतर दुकानात येऊन तसाच शिवून मागितला.

मैथिलीनं बँड ठेवला नव्हता, फटाके नव्हते. वरच्या मजल्यावरची एक लहान खोली तिनं रिकामी ठेवून घेतली होती आणि दारावर कागद चिकटवला होता, 'इथे बोलू नये. बसायला हरकत नाही.' काकूंनी तो कागद सकाळपासून दोनदा काढला होता आणि मैथिलीनं दोनदा परत लावला होता. पाहुणे काय म्हणतील, हे काकूंचं. एका गोष्टीत मात्र मैथिलीला माघार घ्यावी लागली होती. तीन मावश्यांनी मंगलाष्टकं रचली होती आणि त्या ती माईकवर म्हणणार होत्या. सकाळी त्यांनी माईक तपासला तेव्हा त्याची किंकाळी वरच्या खोलीत माझ्या दातांपर्यंत आली. मैथिली म्हणाली, दहा मिनिटं आहेत, काढीन मी. पण तिचे ओठ पांढरे झाले होते.

मुहूर्ताला वीस मिनिटं होती. मुलीला खाली नेलं आणि मी त्या खोलीत एकटी राहिले. खाली कधी जायचं, जायचं की नाही, याचा विचार करत होते. इतक्यात दार उघडलं आणि भोईटेकाकू आत आल्या.

मला वाटलं, कागद काढायला आल्या. त्यांनी दार लावून घेतलं. गादीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. हातातली फुलांची परडी खाली ठेवली, कानातले जड झुबे काढून मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. मी काही बोलले नाही, दारावर तसं लिहिलंच होतं. बराच वेळ गेला. त्यांचा श्वास आधी धापेसारखा होता, तो हळूहळू खाली बसला.

मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नात मी न्हाणीघरात जाऊन बसले होते. कडी लावून. तासभर. सगळे शोधत होते. आईनं बाहेर काढलं आणि म्हणाली, हे कुणाला कधी सांगू नकोस. तेहतीस वर्षं झाली, ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही."

खाली कुणीतरी मुलीच्या आईला हाक मारत होतं. त्या हलल्या नाहीत.

मी म्हटलं, "काकू, मीही मैथिलीसारखीच आहे." घराबाहेरच्या माणसाला मी ते पहिल्यांदाच सांगत होते. शब्द तोंडातून सरळ बाहेर आला, कुठं अडकला नाही.

त्यांनी डोळे उघडले. "डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाही. माझं मी ओळखलं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता मुलीला म्हणाल्या तेच मला म्हणणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "ओळखल्यावर कसं वाटलं?"

मी विचार करून खरं काय ते सांगितलं. "घरी आल्यासारखं."

काकू उठल्या. पदर सारखा केला. झुबे माझ्या हातात दिले, सांभाळा म्हणाल्या, आणि परडी न घेताच जिना उतरल्या. त्यांची चाल बघून मीही मागोमाग उतरले.

मांडवात अंतरपाट धरला होता. मावश्या माईकपुढं कागद घेऊन उभ्या होत्या. पलीकडं मैथिली पाटावर, नजर जमिनीत, खांदे कानांपर्यंत चढलेले. काकू सरळ माईकवाल्यापाशी गेल्या आणि त्याला काहीतरी म्हणाल्या. त्यानं बटण दाबलं. मोठी मावशी विचारायला लागली, लाईट गेली का. काकू म्हणाल्या, आणि त्यांना आवाज चढवावा लागला नाही, कारण सगळा मांडव त्यांच्याकडं बघत होता, "माईक मीच बंद केलाय. माझ्या मुलीला त्रास होतो. मलाही होतो. ज्यांना ऐकायचंय त्यांनी जवळ या."

मावश्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मग नवऱ्या मुलाचे वडील खुर्ची सरकवून उठले आणि पुढं आले. त्यांच्यामागं बाकीचे. अडीचशे माणसं खुर्च्या सोडून अंतरपाटाभोवती दाटली, म्हातारी माणसं पुढं, पोरं कडेवर. मावश्यांनी घसा खाकरला आणि नुसत्या गळ्यानं मंगलाष्टकं म्हणायला सुरुवात केली. मधल्या मावशीचा आवाज खरंच गोड होता. माईकवर ते कुणाला कळलंच नसतं. मैथिलीचे खांदे खाली आले. तिनं मान वर करून आईकडं बघितलं, आणि काकूंनी तिच्याकडं बघून नुसती मान हलवली.

हे स्कूटरपाशी थांबलेले, माईक का बंद झाला ते बघायला आत आले आणि मला गर्दीत बघून थबकले. निघायचं का, असं त्यांनी लांबूनच हातानं विचारलं. मी नाही म्हटलं. मग तेही गर्दीतून वाट काढत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, आणि मी शेवटच्या अक्षतेपर्यंत मांडवात उभी होते.

त्यानंतर आम्ही पहिल्या पंगतीला जेवलो. मी जिलेबी दोनदा मागून घेतली.